नव्या मॉडेलचा पहिला ग्राहक म्हणजे कंपनीचा फुकटचा टेस्ट ड्रायव्हर नव्हे!

(पोस्ट मोठी आहे. गाडी घेतली असेल किंवा पाडव्याला घ्यायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल घ्यायची तर घेणाऱ्या भावाला पाठवा.)

मंडळी, माझ्या इनबॉक्समध्ये रस्ते, पाणी, फेरीवाले आणि मेट्रोचं काम या नेहमीच्या तक्रारी असतातच. आता त्यात एक नवीन भर पडलीय. "दादा, नवीन गाडी घेतली, पाच महिने झाले, चार वेळा सर्व्हिस सेंटरला जाऊन आली." कुणाची स्क्रीन चालता चालता काळी होते. कुणाची गाडी गायमुखच्या चढावर गिअर बदलताना झटके देते. कुणाचा एसी मे महिन्यात गरम हवा फेकतो. एकाची गाडी दहिसर चेकनाक्याच्या गर्दीत बंद पडली, मागे हॉर्नचा कल्लोळ, गाडीत सत्तर वर्षांची आई.

या सगळ्या तक्रारींत एक गोष्ट समान आहे. मॉडेल नवंकोरं, बाजारात येऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. आणि सर्व्हिस सेंटरचं उत्तरही समान. "सर, सॉफ्टवेअर अपडेट येणार आहे." "सर, सगळ्याच गाड्यांना असं होतंय." हे दुसरं उत्तर तर लाजवाब आहे. सगळ्याच गाड्यांना होतंय म्हणजे दोष गाडीत आहे, हे तुम्हीच कबूल करताय की राव!

मग लोक म्हणतात, "पेपरात नाव टाका ना कंपनीचं." मी विचारतो, कागद आहे? जॉबकार्ड पाठवा. दहातले आठ जण तिथेच गप्प होतात. जॉबकार्ड घेतलेलंच नसतं, आणि घेतलं असेल तर त्यावर "जनरल चेक-अप" लिहिलेलं असतं. गाडी रस्त्यात बंद पडली हे कुठेच नाही. कागदाशिवाय मी नाव छापू शकत नाही. आणि लक्षात घ्या, कागदाशिवाय कायदाही तुमच्यासाठी बोट हलवत नाही. या पोस्टचा मुद्दा एवढाच आहे, पण तो नीट समजून घ्या.

आधी थोडा इतिहास, आपल्या इथलाच.

२३ मार्च २००९ ला मुंबईत नॅनो बाजारात आली. एक लाखाची गाडी! स्कूटरवर चौघं भिजत जाणाऱ्या कुटुंबासाठी टाटांनी बनवलेली. २ लाखांहून जास्त बुकिंग झालं. आपल्या मीरारोड-भाईंदरसारख्या गावातल्या माणसासाठीच होती ती गाडी. वर्षभरात, मार्च २०१० मध्ये, शोरूममधून घरी नेत असताना मुलुंडला एक नॅनो पेटली. हार घातलेली गाडी. आधीही काही घटना झाल्या होत्या, नंतरही झाल्या. कंपनीने तपास केला आणि सांगितलं, गाडीच्या रचनेत दोष नाही. बाहेरून बसवलेली विजेची उपकरणं किंवा सायलेन्सरच्या भागावर राहिलेली बाहेरची वस्तू ही कारणं असावीत.

ठीक आहे, मानलं. मग नोव्हेंबर २०१० मध्ये त्याच कंपनीने विकलेल्या सगळ्या नॅनोंना, म्हणजे सुमारे ७० हजार गाड्यांना, वायरिंग आणि एक्झॉस्टसाठी जादा संरक्षण फुकट बसवून द्यायचं जाहीर केलं. आणि वर सांगितलं की हा रिकॉल नाही! दोष नाही, पण दुरुस्ती आहे. दुरुस्ती आहे, पण रिकॉल नाही. त्या एका शब्दासाठी केवढी कसरत. ग्राहक मात्र खुळा नव्हता. जुलै २०१० मध्ये ९ हजार नॅनो गेल्या होत्या, नोव्हेंबरमध्ये ५०९. किंमत, कर्ज, "गरिबाची गाडी" हा शिक्का अशी बाकीची कारणं होती, पण आगीच्या त्या फोटोंनी जे नुकसान केलं ते शेवटपर्यंत भरून निघालं नाही. वॉरंटी चार वर्षांची केली तरी नाही. २०१८ पर्यंत नॅनो जवळपास संपली.

मला नॅनोबद्दल राग नाही, उलट हळहळ आहे. चांगली कल्पना होती. पण तिचे पहिले ग्राहक कंपनीसाठी प्रयोगशाळा ठरले आणि त्यांना कुणी तसं सांगितलं नाही.

आता घराजवळ या. जून २०२२, वसई पश्चिम. खाडीपलीकडे, भाईंदरहून दोन स्टेशनं. रस्त्यावर नेक्सॉन ईव्ही पेटली. तो व्हिडिओ तुमच्या प्रत्येकाच्या फोनवर आला होता. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. कंपनीने सांगितलं की ही एकमेव घटना आहे, आमच्या ३० हजारांहून जास्त ईव्ही १० कोटी किलोमीटरहून जास्त चालल्या आहेत. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. ईव्ही वाईट असंही म्हणत नाही, पेट्रोलच्या गाड्याही पेटतात. केंद्राने चौकशी सांगितली, मोठमोठ्या संस्था नेमल्या. माझा प्रश्न साधा आहे. त्या चौकशीतून काय निघालं हे वसई, नायगाव, मीरारोडच्या किती गाडीमालकांना माहीत आहे? कमेंटमध्ये हात वर करा. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, निष्कर्ष कुणापर्यंत आला?

"पण आता कायदा आहे ना?" आहे. तो बघू.

२०१२ पर्यंत आपल्याकडे कंपन्यांची स्वेच्छेची आचारसंहितासुद्धा नव्हती. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं. सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, आणि मग कंपनीने दुरुस्त करायची, बदलून द्यायची नाहीतर पैसे परत करायचे. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. सात वर्षांच्या आतली गाडी, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत.

ऐकायला झकास. आता खाचा बघा.

पहिली खाच. दोष असा हवा की ज्याने पर्यावरणाला, गाडीतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल. म्हणजे एसी, स्क्रीन, खडखडाट, गळकं सनरूफ यांची इथे किंमत शून्य. बँकेचा हप्ता मात्र पूर्ण.

दुसरी खाच आकड्यांची. ज्या मॉडेलची वर्षाला १० हजारांहून जास्त विक्री होते, त्याच्या १,२५० तक्रारी आल्या तर सक्तीच्या रिकॉलचा विषय. ५०१ ते १० हजार विक्री असेल तर १,०५०. आणि या तक्रारी सरकारच्या पोर्टलवर नोंदलेल्या हव्यात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, यूट्यूबच्या व्हिडिओखाली, सर्व्हिस मॅनेजरच्या कानात केलेली तक्रार मोजली जात नाही. एकाच मॉडेलच्या मालकांच्या ग्रुपमध्ये आठशे जण रोज शिव्या घालत असतील, सरकारदरबारी आकडा भोपळा. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त आपल्याला.

तिसरी खाच. १० लाख ते १ कोटी दंड. महिन्याला हजारो गाड्या विकणाऱ्या कंपनीला १ कोटी म्हणजे किती गाड्यांची किंमत, हिशेब तुम्हीच करा. दहा-बारा लाखांची गाडी धरा. आठ-दहा गाड्या. बस्स.

आता कुणी म्हणेल, नवीन मॉडेलमध्ये थोडंफार होणारच. मान्य आहे. हजारो सुटे भाग, शेकडो पुरवठादार, वर सॉफ्टवेअर. पहिल्या लॉटमध्ये काही चुका निघणार. सर्व्हिस सेंटरचा तो पोरगा तर बिचारा स्वतःच मधे सापडलेला असतो, त्याच्यावर ओरडू नका. पण मग ही जोखीम किमतीत का दिसत नाही? पहिल्या ग्राहकाला सूट नाही, उलट वेटिंग आहे, वर "लाँच एडिशन"चे जादा पैसे. जोखीम त्याची, पैसेही त्याचेच!

आणि ते स्टार दाखवून गप्प करू नका. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं, चांगलंच झालं. पण ते स्टार गाडी धडकल्यावर तुम्ही किती वाचाल याचे आहेत. सकाळी गाडी सुरू होईल का, याचे स्टार कुणी देत नाही.

अमेरिकेत सदोष नव्या गाडीला "लेमन" म्हणतात, म्हणजे लिंबू. १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने पहिला लेमन कायदा केला. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या दोन वर्षांत किंवा १८ हजार मैलांत एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती करूनही जमलं नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस गॅरेजात पडून राहिली, तर बदली गाडी नाहीतर पैसे परत मागता येतात. साधा हिशेब, चार वेळा किंवा तीस दिवस. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडायचं आणि पुढे सगळं देवावर सोडायचं. त्यांनी लिंबाचा कायदा केला, आपण लिंबाचा तोडगा करतो.

आपल्याकडे काय होतं? २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचं लिहिलंय, तर पूर्ण गाडी बदलून द्यायला लावता येणार नाही. वॉरंटी कोण लिहितं? कंपनी. सही कोण करतं? आपण, पेढा खात खात.

पण लढलं तर मिळतं, हेही सांगतो. २०१५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा नवी आली तेव्हा एका ग्राहकाने घेतली. २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर अपघात झाला, एअरबॅग उघडल्याच नाहीत. कंपनीचं म्हणणं, धडक पुरेशी जोराची नव्हती. माणूस ग्राहक आयोगात गेला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूचा आदेश कायम ठेवला. कोर्टाच्या म्हणण्याचा आशय असा, की ग्राहक हा वेग आणि बलाची गणितं मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ नसतो. गाडी घेताना सांगितलेली सुरक्षा त्याला मिळायला हवी. वा! फक्त त्यासाठी साडेचार वर्षं लागली.

म्हणून आता कामाचं बोलतो.

१) जॉबकार्ड प्रत्येक वेळी घ्या, आणि दोष तुमच्या शब्दांत लिहायला लावा. "जनरल चेक-अप" लिहिलं तर सही करू नका. गाडी किती दिवस आत होती ती तारीखही हवी.

२) दोषाचा व्हिडिओ काढा (चालवणाऱ्याने नाही, शेजारच्याने). स्पीडोमीटर, किलोमीटर, तारीख दिसू द्या.

३) कंपनीला ईमेल करा. फोनवर बोललेलं हवेत जातं.

४) धोका असणारा दोष असेल तर केंद्राच्या वाहन रिकॉल पोर्टलवर नोंदवाच. ग्रुपमधल्या प्रत्येकाला नोंदवायला लावा. तिथे डोकी मोजली जातात.

५) ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे सुटलं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईत असो की गुरुग्रामला. ५ ते १० लाखांच्या गाडीला फी २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. दोन वर्षांच्या आत जा. दोषाची तपासणी लागणार असेल तरी कायदा म्हणतो पाच महिन्यांत निकाल द्या. उशीर झाला तर आयोगालाही त्याची आठवण करून द्या.

आणि दोन मागण्या आपल्या खासदारांकडे. एक, रिकॉल पोर्टलवर कुठल्या मॉडेलच्या किती तक्रारी आल्या, तो आकडा दर महिन्याला जाहीर करा. गाडी घेण्याआधी तो आकडा बघण्याचा हक्क आम्हाला हवा. दोन, चार दुरुस्त्या किंवा तीस दिवस, असा सरळ नियम इथेही आणा.

आपल्या शहरात गाडी म्हणजे मिरवायची वस्तू नाही. वन रूम किचनमध्ये राहून, पार्किंगसाठी सोसायटीत भांडून, सात वर्षांचं कर्ज काढून माणूस पहिली गाडी घेतो. रात्री दोन वाजता वडिलांना छातीत दुखलं तर ती सुरू व्हायला हवी, एवढीच त्याची अपेक्षा असते.

ज्यांच्याकडे जॉबकार्ड आहे त्यांनी मला इनबॉक्स करा. कागद असेल तर बातमी होईल, नावासकट. कागद नसेल तर उद्या सकाळी आधी तो घेऊन या.