आंबेगाव बुडाले, आवर्तने चालू आहेत

ज्या गावाने आंबेगाव तालुक्याला नाव दिले ते गाव आज डिंभे धरणाच्या पोटात आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावात; पाटीवर नाव मात्र बुडालेल्या गावाचे.

या पाण्याचे वाटेकरी किती आहेत पाहा. घोड भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. म्हणून बच्छावत लवादाने १९७६ साली तीन राज्यांत केलेल्या वाटपात हे पाणीही मोजले गेले. २००५ साली जागतिक बँकेच्या कर्जाचे व ‘सुधारणां’चे वारे वाहत असताना राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. आणि कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांतील आवर्तने ठरतात कालवा सल्लागार समितीत. तेथे जुन्नर-आंबेगावचे पुढारी आणि श्रीगोंदा-कर्जत-करमाळ्याचे पुढारी एकमेकांवर तुटून पडतात. ज्यांच्या शेतांवर सुमारे साडेतेरा टीएमसी पाणी उभे आहे, त्या महादेव कोळ्यांच्या ग्रामसभांना या भांडणात कोणत्याच बाजूला जागा नाही.

वास्तविक आवर्तन हा त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. १९७६च्या पुनर्वसन कायद्याने लाभक्षेत्रात जमीन देऊ केली. तरीही अनेक कुटुंबे जलाशयाच्या वरच्या उतारांवरच राहिली. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत ती पीक घेतात. जलाशयात मासेमारी करण्यासाठी त्यांनी सहकारी संस्था उभारली. पाणी कधी व किती सोडायचे, यावर गाळपेर केव्हा मोकळी होणार हे अवलंबून असते. ती उशिरा मोकळी झाली तर पेरणीचा हंगाम हुकतो. हा हिशेब समितीच्या कोणत्या कागदावर मांडला जातो?

कायदे आहेत, असे उत्तर मिळेल. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले. लहान! म्हणजे गावतळे तुमचे, गाव बुडवणारे धरण आमचे. २००६च्या वनहक्क कायद्याने मासे व जलसाठ्यांतील इतर उत्पन्नावर सामूहिक हक्क मानला खरा; पण पाण्याची पातळीच दुसऱ्याच्या हाती असेल तर त्या हक्काचे करायचे काय?

कर्जत-करमाळ्याचा कोरडवाहू शेतकरी तहानलेला आहे, असे आमचेच काही मित्र बजावतात. तो आदिवासींचा शत्रू नव्हेच. त्याच्या वाट्याचे पाणीही उसाच्या फडातच मुरते. तेव्हा आवर्तनाचा कार्यक्रम मंजूर होण्यापूर्वी तो जलाशयाकाठच्या ग्रामसभांपुढे ठेवावा, गाळपेर मोकळी करण्याची तारीख त्यात लेखी असावी, आणि समितीची पुढची बैठक डिंभ्याच्या काठावरच्या एखाद्या वाडीत घ्यावी.