मसीहा कोणाचा आणि क्रूस कोणाचा?

हल्ली ‘मसीहा’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत फार स्वस्त झाला आहे. कोणी कामगारांचा मसीहा, कोणी शेतकऱ्यांचा, कोणी बुडत्या नाट्यसृष्टीचा. जो येईल, जिंकेल आणि आपणांस बोटही हलवू न देता आपले भले करून टाकील, तो मसीहा! या अर्थासाठी वर्तमानपत्रांशी भांडण्याचे आम्हांस कारण नाही. आमचे भांडण आहे ते ख्रिस्ती उपदेशकांशी. शब्द मूळचा यहुदी खरा. परंतु दुःख सोसणारा मसीहा ही कल्पना ख्रिस्ती धर्माने आपल्या मध्यभागी ठेवली, आणि तिचा अर्थ सांभाळण्याचे दायित्वही त्याच्याच शिरावर येते.

हा अर्थ प्रथम चुकला तो खुद्द पेत्राचा. मार्काच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय पाहावा. हेर्मोन पर्वताच्या पायथ्याशी, कैसरिया फिलिप्पैच्या परिसरात, म्हणजे ज्या नगराच्या नावातच रोमन कैसर बसला होता त्या मुलखात, पेत्र येशूला मसीहा म्हणून ओळखतो. लगेच येशू सांगू लागतो, की मनुष्याच्या पुत्राने पुष्कळ दुःखे भोगावी, नाकारला जावे, मारला जावे. तेव्हा पेत्र त्यालाच बाजूस घेऊन दटावतो, आणि उलट ‘सैतान’ हे संबोधन पदरात पाडून घेतो. मार्काची रचनाही पाहण्याजोगी आहे. या प्रसंगाच्या अगदी आधी बेथसैदा येथील एक आंधळा दोन टप्प्यांत बरा होतो. पहिल्या टप्प्यात त्याला माणसे चालत्या झाडांसारखी दिसतात. पेत्राची दृष्टी त्या पहिल्या टप्प्यावरची होती.

त्याला दोष देणे सोपे आहे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्रच, असा अर्थ यहुदी परंपरेत आदराने केला जातो. तो सेवक म्हणजे मसीहा, हे ख्रिस्ती वाचन आहे. शिवाय क्रूस म्हणजे काय, हे त्या श्रोत्यांस कोणी शिकवावयाचे नव्हते. हेरोदाच्या मृत्यूनंतर झालेल्या बंडात वारस या रोमन अधिकाऱ्याने सुमारे 2,000 यहुद्यांना क्रुसावर दिले, असे योसेफस लिहितो. मराठी बायबलकारांनी ‘वधस्तंभ’ हा शब्द योजला, तो कानास कठोर लागतो. पण आमच्या मते तोच प्रामाणिक आहे. आमच्या कोकणीतील ‘खुरीस’ शतकानुशतके गळ्यात सोन्याचा होऊन बसला आहे.

आणि येथेच आमची खरी तक्रार आहे. दारुड्या नवऱ्याचा मार खाणारी बाई आधारासाठी येते, आणि तिला सांगण्यात येते: ‘हा तुझा खुरीस, बाई, ख्रिस्ताकडे पाहा आणि सोस.’ सावकाराने नाडलेल्यास तेच, जातीमुळे कबरस्तानाच्या कडेस लोटलेल्यास तेच. आम्ही विचारतो, हे कोणत्या शुभवर्तमानात लिहिले आहे? मार्काचे वाक्य ‘जो माझ्यामागे येऊ इच्छितो’ येथून सुरू होते, आणि क्रूस ‘उचलावा’ असे म्हणते. इच्छा आणि उचलणे, दोन्ही करणाऱ्याची. येशू क्रुसापर्यंत पोहोचला तो नशिबाने नव्हे. मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून, ज्यांच्यापाशी सत्ता होती त्यांस तोंडावर बोलून पोहोचला. ज्याच्या पाठीवर दुसऱ्याने ओझे लादले त्याचे काय? कुरेनेकर शिमोनास शिपायांनी वेठीस धरले, असे मार्क स्पष्ट सांगतो. पण वेठीलाच अनुसरण म्हणावे, असे त्याने कोठेही लिहिलेले नाही.

प्रतिपक्षाकडे एक उत्तर आहे आणि ते आम्ही दडवीत नाही. पेत्राच्या नावे असलेले पहिले पत्र गुलामांना कठोर धन्यांचेही सोसावयास सांगते, आणि ख्रिस्ताचाच कित्ता पुढे ठेवते. खरे आहे. परंतु ज्याला दार उघडेच नव्हते त्याला दिलेला तो धीर होता. ज्याच्या हाती दाराची किल्ली आहे, त्याने तेच वाक्य आतल्या माणसास ऐकविणे याला आम्ही धीर म्हणत नाही.

गोव्यात तर पेत्राच्या चुकीला राज्य मिळाले. 1560 मध्ये येथे इन्क्विझिशन स्थापन झाले. मधली काही वर्षे सोडता ते 1812 पर्यंत चालले. क्रूस पुढे, शिक्षा मागे! आणि त्याच भूमीत 1616 साली राशोल येथे फादर स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले, ज्यात त्या दुःखभोगाची कथा ओवीत उतरली. एकाच भूमीने दोन्ही मसीहा पाहिले. आजही उपवासकाळात इगर्जीत मोतेत ऐकताना डोळे भरून येतात, आमचेही येतात. पण ते अश्रू पुसून बाहेर पडल्यावर शेजारच्या घरातील किंकाळीला कोण ओ देतो, हे पाहण्याची पाळी आली की मंडळी पांगतात.

क्रुसापाशीही मंडळी पांगलीच होती. मार्क तेथे नावे घेतो ती दुरून पाहणाऱ्या स्त्रियांची: मग्दालिया मरिया, याकोब व योसे यांची आई मरिया, सलोमे. आणि त्यांच्याविषयी तो सांगतो, की त्या गालीलात असल्यापासून त्याच्यामागे चालत होत्या. त्यांना तेथे कोणी वेठीस धरून आणले नव्हते.