शेतीचं लिहा, राजकारण नको म्हणणाऱ्यांसाठी



आधी आजची नोंद. हळवं भात निसवलं, गरवं अजून पोटरीत आहे. पडवळ संपत आलं, शिराळी चालू आहेत.

मागे आरेच्या झाडांवर लिहिलं तेव्हा दोघा-तिघांनी सांगितलं, दादा, शेतीचं लिहा, राजकारण नको. त्यांना आज उत्तर देतो. राजकारण मी शेतात आणलं नाही. तेच बांध ओलांडून आलं.

2019 चा ऑक्टोबर आठवा. 4 तारखेला उच्च न्यायालयाने मेट्रो 3 च्या कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली. जमावबंदी लागली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं, तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती.

आमचं हळवं भात तेव्हा कापणीला आलेलं. भाजीची पाटी घेऊन गोरेगावला गेलो, परत येताना नाक्यावर अडवलं. ओळखपत्र दाखव, आत काय काम? ज्याचा जन्म इथला, त्याला हा प्रश्न! कापणीला आम्ही पाच-दहा जण जमतो, त्यालाही जमाव म्हणतील का याची धास्ती. आम्ही भात दिवसाढवळ्या कापतो, सगळ्या पाड्यासमोर. जे हक्काचं आहे ते कापायला रात्र कशाला लागते?

पुढे काय झालं? एका सरकारने काम थांबवलं, 2020 ला कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरवलं आणि आरेतली सुमारे 800 एकर जमीन राखीव जंगल करू म्हणाले. 2022 ला दुसरं सरकार आलं, कारशेड परत आरेत. निर्णय तीनदा फिरला. माझ्या लावणीची वेळ एकदाही फिरली नाही. आणि तीनही वेळा कसणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

मेट्रो नको असं मी म्हणत नाही. 2024 पासून ती आरेहून धावते, आमची पोरंही तिच्यात बसतात. झाडांसाठी जे शहरातून आले, ज्यांनी अटक सोसली, त्यांचे उपकार आहेत. पण खरं बोलायचं तर त्यांच्याही नकाशात आमचा बांध नव्हता. एकाच्या नकाशात कारशेड, दुसऱ्याच्या नकाशात जंगल, सरकारी कागदावर 1949 पासून दुधाची वसाहत. 27 पाड्यांतल्या माणसाने पिकवलेलं भात कुठल्या रकान्यात?

सातबारा नाही म्हणून पीक पाण्याखाली गेलं तरी पंचनामा नाही, विमा नाही. शेतकरी असून कागदावर आम्ही शेतकरी नाही. हे राजकारण नाही तर काय आहे?

जंगल म्हणायचं तर खुशाल म्हणा. मग 2006 चा वनहक्क कायदाही लावा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीचा हक्क तो मानतो. आमचे दावे घ्या, पाड्यात येऊन तपासा, मग काय ती रेघ मारा.

कृषीवाले मित्र हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. एकदा आरेत या आणि आमची पीकपाहणी करा. कोणत्या पाड्यात किती भात, किती भाजी, एवढं कागदावर येऊ द्या. कागदावर जे नाही ते नव्हतंच, असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

पाऊस उघडला की हळवं कापायला घेतो. दिवसा. बघायला या.