चाचणीला हो म्हणा, पण विचारून

पिंपळगावात कंबर धरली की आपण म्हणतो, द्राक्षबागेत वाकून वाकून झालं असेल. मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर बऱ्याचदा अशाच हाडदुखीतून कळतो. त्यावरचं डाराट्युमॅब हे अँटीबॉडी औषध अमेरिकेत २०१५ ला आलं. आपल्यासारख्याला परवडत नाही. म्हणून त्याच्याशी मिळतंजुळतं, स्वस्त बायोसिमिलर हवंच, आणि त्याची चाचणीही. रिटुक्सिमॅबचं बायोसिमिलर भारतात २००७ लाच आलंय.

पण मंडळी, चाचणी म्हणजे फुकट उपचाराचं शिबिर नव्हे. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा पेशंटचा हक्क आहे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. चाचणी संपल्यावर औषध कोण देणार, हेही विचारा. मगच सही.