प्रबंध खिशात, छापखानाही खिशात

नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा माणूस बहुतेक वेळा विद्यार्थी नसतो, विद्यापीठाचा नोकर असतो. पगार, पेन्शन, रजा, सगळं मिळतं. आपल्याकडे हे सांगितलं की लोक म्हणतात, "वा, मजा आहे बुवा!" मजा आहेच. पण नोकरी म्हटली की ती संपण्याची तारीखही आली. करार साधारण चार वर्षांचा असतो, आणि प्रबंध काही कराराची तारीख बघून पुरा होत नाही. २०१८ साली माझा करार संपला तेव्हा प्रबंध समितीकडे वाचायला गेलेला होता. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत केला, फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि बाबांच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याला आलो. म्हटलं, आपला माल आपल्या खिशात आहे, आता काय घाबरायचं!

आठवड्याभरात समितीच्या सूचना आल्या. पंधरा दिवसांत दुरुस्त प्रत द्यायची होती. आणि तेव्हा लक्षात आलं की खिशात नुसता मजकूर आहे, छापखाना नाही.

हे जरा उलगडून सांगतो. आमच्या क्षेत्रात प्रबंध बहुधा लाटेकमध्ये लिहितात. यात साध्या मजकुराच्या फाइलमध्ये "हे प्रकरणाचं नाव", "हे समीकरण" अशा खुणा करायच्या आणि लाटेक त्यातून सुबक पानं जुळवून देतं. त्याच्या पोटात आहे टेक हा प्रोग्रॅम. डोनाल्ड कनूथ यांना १९७७ मध्ये स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं बघवेनात, म्हणून त्यांनी तो लिहायला घेतला. मजकूर कुठेही उघडतो. पण पानं पाडायची तर टेक, त्याच्यासोबतची शेकडो पॅकेजेस आणि फॉन्ट, एवढा सगळा संसार लागतो.

घरी कॉम्प्युटर नव्हता. मावसभावाचा क्लास आहे, तिथले कॉम्प्युटर रात्री मोकळे असतात. पण ॲडमिनचा पासवर्ड ज्याने लावला तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला. शिवाय व्हायरसच्या भीतीने अशी व्यवस्था केलेली की मशीन बंद केलं की दिवसभराचं सगळं पुसलं जायचं. म्हणजे आज टाकलेलं उद्या गायब!

मग उरला पेन ड्राइव्ह. टेक लाइव्ह या मोफत संचात पोर्टेबल इन्स्टॉलेशनची सोय आहे. सगळं एका फोल्डरमध्ये बसतं, विंडोजच्या रजिस्ट्रीला हात लागत नाही, ॲडमिनला विचारावं लागत नाही. प्रोग्रॅम आपल्या फायली स्वतःच्या जागेवरून शोधतो. त्यामुळे ड्राइव्हचं अक्षर आज ई आणि उद्या जी झालं तरी बिघडत नाही. पूर्ण संच कित्येक जीबीचा, आणि माझ्या मोबाइलचा डेटा दिवसाला दीड जीबी. म्हणून छोटा संच घेतला आणि लागेल तसं एकेक पॅकेज त्यात भरत गेलो. दोन रात्री त्यात गेल्या. सकाळी बाबांना डबा, रात्री पॅकेजेस.

एवढं करून पीडीएफ निघाली, तर आईसाठी लिहिलेल्या मराठी सारांशाच्या पानावर गाडी अडली. मी वापरलेला देवनागरी फॉन्ट लॅबच्या मशीनवर होता, इथे नव्हता. दुसरं म्हणजे लॅबमधली आवृत्ती जुनी, ही नवी. पॅकेजेस बदललेली, काही ओळी वेगळ्या ठिकाणी तुटल्या आणि समितीने दिलेले पान क्रमांक जुळेनात. दुरुस्त्या केल्या, प्रत वेळेत गेली. पण बाबांच्या उशाशी बसायचे दोन दिवस मी क्लासमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर घालवले, ते काही परत मिळाले नाहीत.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: ज्या लिखाणावर आपलं काही अवलंबून आहे, ते पानावर आणणारं साधनसुद्धा आपल्याच ताब्यात असलं पाहिजे. संस्थेचं मशीन संस्थेचं असतं. ते परत मागण्यात तिची काही चूक नाही. चूक आपली, की आपण ते आपलं समजतो.

यावर लोक म्हणतात, आता सगळं ब्राउझरमध्ये होतं, पेन ड्राइव्ह कशाला? चार जणांनी मिळून लिहायचं तर ऑनलाइन सोय उत्तमच, मीही वापरतो. पण तिथे इंटरनेट लागतं, खातं लागतं, आणि फुकट खात्याला मर्यादा असतात. शिवाय पाच वर्षांनी तोच प्रबंध तसाच छापता यावा, तर ज्या आवृत्तीत तो लिहिला ती आवृत्तीच जपून ठेवणं सगळ्यात सोपं. टेक लाइव्ह दर वर्षी नवं निघतं. जुनं फोल्डर मात्र हात लावला नाही तर होतं तसं राहतं.

दुसरा आक्षेप खरा आहे: पेन ड्राइव्ह मरतात, हरवतात आणि व्हायरस पसरवतात. काही ठिकाणी त्यांना बंदीच असते, तिथे नियम मोडू नका. आणि एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखीच. ते फोल्डर घरच्या हार्ड डिस्कवरही ठेवा.

करून बघायचं असेल तर तीन गोष्टी सांगतो. एक, लाखाहून जास्त बारीक फायली असतात, स्वस्त ड्राइव्हवर कॉपी व्हायला रात्र जाते, तेव्हा आदल्या दिवशी सुरू करू नका. दोन, फॉन्टची फाइल प्रबंधाच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथला पत्ता द्या. अर्थात फॉन्टचा परवाना बघून. तीन, लिनक्सवर तोच ड्राइव्ह चालेल असं धरून चालू नका. तिथल्या बऱ्याच आज्ञा म्हणजे नुसते दुवे असतात आणि पेन ड्राइव्हच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ते टिकत नाहीत. लिनक्ससाठी वेगळं पार्टिशन करा.

ही कल्पना काही माझी नव्हे. टेक लाइव्ह १९९६ मध्ये पहिल्यांदा आलं ते सीडीवर, आणि नावातलं 'लाइव्ह' म्हणजे इन्स्टॉल न करता थेट सीडीवरून चालणारं. तेव्हा डिस्कवर जागा नव्हती म्हणून. आता जागा भरपूर आहे, परवानगी नाही, एवढाच फरक.

साताऱ्याचा तो पेन ड्राइव्ह अजून ड्रॉवरमध्ये आहे. मधूनमधून लावून प्रबंध चालवून बघतो. आईचं पान पहिल्यासारखंच येतं.