मासवणचा रस्ता, सहा महिन्यांची मुदत आणि इद्दत

मनोर-पालघर रस्त्यावर सूर्या नदीच्या काठी मासवण आहे, पुढे वाघोबा खिंड. बोईसर-तारापूरची बरीच अवजड वाहने चिल्हार फाट्यावरून वळतात, तरी या रस्त्यावरून दुचाकीने जाणाऱ्याला ट्रक चुकत नाहीत. वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झाले. ट्रक वाढतीलच.

भरलेला ट्रक ब्रेक दाबल्यावर लगेच थांबत नाही. डावीकडे अगदी चिकटून चाललेली दुचाकी केबिनमधल्या ड्रायव्हरला दिसतच नाही, आणि वळताना मागची चाके आत येतात. हे ड्रायव्हरला माहीत असते, दुचाकीवरच्या पोराला नसते. (ड्रायव्हरही पुष्कळदा आपल्याच घरांतले असतात, हे आम्ही विसरत नाही.)

पण आज आम्हाला बोलायचे आहे ते दफनानंतरच्या दिवसांबद्दल. तकदीर म्हणून घरचे गप्प बसतात. मग ट्रकमालकाचा माणूस येतो, स्टॅम्पपेपरवर सही घेतो, थोडे पैसे देतो. तकदीर मान्यच आहे, पण हक्क का सोडायचा? ट्रकला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, भरपाई साधारणपणे विमा कंपनीने द्यायची असते. अशा कागदावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा.

१ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायला अपघाताच्या तारखेपासून सहा महिनेच आहेत. आता हिशेब करा. बेवा झालेल्या बहिणीची इद्दत चार महिने दहा दिवसांची. ती संपेपर्यंत जेमतेम पावणेदोन महिने उरतात, त्यात कागद कधी गोळा होणार? खरे तर थांबायची गरजच नाही. वकीलपत्रावर सही घरी बसून होते, भाऊ किंवा मुलगा धावपळ करू शकतो. गरजेच्या कामासाठी इद्दतीत बाहेर जाण्याबद्दल आपल्या आलिमांना विचारा, पण विचारायला वेळ लावू नका.

धडक देऊन ट्रक पळाला आणि सापडलाच नाही, तरी हात रिकामे राहत नाहीत. मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडे करायचा. जखमीला मे २०२५ पासून ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना आहे. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा, प्रत मागा.

वकिलाचे पैसे नाहीत, ही सबबही चालणार नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

आणि एक. निकाहनाम्यात ‘शेख’, आधारवर ‘शेक’, रेशनकार्डावर माहेरचे नाव, असे घरोघरी असते. अशा फरकांवरून विमा कंपनीचा वकील नाते आणि वारस यांवरच प्रश्न उभे करू शकतो. निकाहनामा आजच पेटीतून काढून बघा.