बक्षिशीची ताटली

धानाचे चुकारे हातात आले की आमच्या गोंदिया जिल्ह्यात लग्नांचा हंगाम सुरू होतो. मागच्या डिसेंबरात अशाच एका वलीम्याला गेलो होतो. शहराबाहेरचं लॉन, कडाक्याची थंडी. बिर्याणीच्या टेबलापेक्षा कॉफीच्या मशीनभोवती गर्दी जास्त. आमच्याकडच्या लग्नातली कॉफी सगळ्यांना ठाऊक आहे. फुस्स करून वाफ सोडणारी ती मशीन, फेसाळ कप आणि वर चिमूटभर चॉकलेटची भुकटी.

माझा नंबर आला तेव्हा मशीनमागच्या मुलानं मान वर केली. "अस्सलामु अलैकुम, सर." माझाच विद्यार्थी. तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी झालेला. वर्गात मागे बसायचा, पण मराठीचं शुद्धलेखन चांगलं होतं.

मशीनशेजारी त्यानं स्टीलची एक ताटली ठेवली होती. तिच्यात दहाची एक नोट आणि पाच-पाचची दोन नाणी. नोट त्यानंच आधी ठेवली असणार. पाहणाऱ्याला सुचावं म्हणून ठेवतात तशी.

तेवढ्यात नवरदेवाचे काका आले. त्यांनी ताटली उचलली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ये क्या भीक का कटोरा रखा है? हमारे मेहमानों से पैसे माँगेगा?" नाणी टेबलाखाली सांडली. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या माणसाचा कप भरू लागला.

मीही काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मनात मला काकांचंच पटलं होतं. दावतीला बोलावलेल्या पाहुण्यापुढे ताटली कशाला? खिशात पन्नासची नोट होती. हात तिथपर्यंत गेला आणि परत आला. आपल्या विद्यार्थ्याला टिप द्यायची म्हणजे त्याला वेटर म्हणून मोजायचं, असं मनाला समजावलं आणि कॉफी घेऊन बाजूला झालो.

आठवड्यानं तो बाजारात भेटला. चहाला बसलो आणि विचारलं. त्यानं हिशेब सांगितला. वाढणाऱ्या मुलांना रात्रीचे चारशे रुपये मिळतात. कॉफीच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्याला अडीचशे. का? तर "काउंटर पे टिप मिलती है, बाकी उसमें से निकाल ले" असं केटरर सांगतो. दुपारी चारला सामान उतरवायचं, रात्री एकला मशीन धुऊन टेम्पोत चढवायची. वाफेनं भाजलेले दोन डाग त्याच्या मनगटावर होते. त्या रात्री ताटली गेली, म्हणजे त्याचे दीडशे रुपये गेले.

मला लाज वाटली ती तेव्हा. ती ताटली म्हणजे त्याची राहिलेली मजुरी होती. आम्ही सगळ्यांनी तिला भीक समजून टेबलाखाली टाकलं.

यजमान म्हणतो, मी केटररला ठरलेले पैसे दिले, माझं काम संपलं. केटरर म्हणतो, बाकीचं पाहुणे देतील. पाहुणा म्हणतो, मी दावतीला आलोय, यजमानानं दिलंच असेल. तिघांपैकी कुणीही स्वतःला वाईट माणूस समजत नाही. आणि तिघांच्या मधून एका पोराचे दीडशे रुपये गळून जातात.

माझा दुसरा एक विद्यार्थी नागपुरात हॉटेल मॅनेजमेंट शिकला आणि एका परदेशी कंपनीच्या पर्यटक जहाजावर कॉफीच्या काउंटरवर लागला. कोकणातल्या आपल्या मुसलमान घरांना जहाजाची नोकरी नवी नाही, तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं दर्यावर गेली. आमच्या झाडीपट्टीतल्या पोरासाठी मात्र ती अपूर्वाईच. सुट्टीत घरी आला तेव्हा मी त्याला ताटलीची गोष्ट सांगितली. तो हसला. म्हणाला, "सर, आमच्याकडे ताटली नसते, पण गोष्ट तीच असते."

अशा बऱ्याच मोठ्या जहाजांवर टिप प्रवाशाच्या खात्यात आपोआप लागते. माणशी दररोज साधारण पंधरा-वीस डॉलर. ती खोली साफ करणारे, जेवण वाढणारे यांच्यात वाटली जाते. वेगळे पैसे मोजून घेतलेल्या कॉफीवर बिलातच अठरा टक्क्यांच्या आसपास टिप जोडलेली असते. मूळ पगार कमी, आणि घरी पाठवायचे पैसे बरेचसे या टिपेतून निघतात. काही प्रवासी मात्र काउंटरवर जाऊन ती रक्कम काढून टाकायला लावतात. म्हणतात, आम्हाला आवडेल त्याला आम्ही हातात देऊ. त्यातले काही खरोखर देतात. बाकीचे शेवटच्या दिवशी बॅगा घेऊन उतरतात. कुणी दिले, कुणी काढून घेतले, हे कॉफी देणाऱ्याला कळत नाही. त्याला सगळ्यांशी सारखंच हसावं लागतं.

ही रीत आली कुठून? अमेरिकेत गुलामगिरी संपली, पण मुक्त झालेल्या काळ्या माणसांना पुरता पगार द्यायला मालक तयार नव्हते. रेल्वेच्या पुलमन डब्यांत आणि हॉटेलांत त्यांना नाममात्र पगारावर ठेवलं आणि बाकीचं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलं. आजही तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराचं किमान रोख वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरून नेहमीचं किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकानं द्यायचा, असा नियम आहे. म्हणजे गिऱ्हाइकाच्या टिपेतून मालकाची जबाबदारी भागते. गोंदियाच्या लॉनवरचा आमचा केटरर अमेरिकेचा कायदा वाचायला गेला नव्हता. पण त्यानं शोधून काढलेली युक्ती तीच.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दांकडे लक्ष जातं. बक्षीस हा मूळ फारसी शब्द, उर्दूत 'बख़्शिश'. मराठीत त्याला किती घरं मिळाली पाहा. २६ जानेवारीला मुलांना मिळतं ते बक्षीस. जमीन लेकीच्या नावे करतात ते बक्षीसपत्र. आणि वेटरच्या हातात ठेवतो ती बक्षिशी. पहिली दोन आपण मानानं देतो, तिसरी देताना नजर दुसरीकडे वळवतो. दुसरा शब्द 'चहापाणी'. रशियन भाषेत टिपेला चहासाठीचे पैसेच म्हणतात. आपल्याकडे मात्र चहापाणी म्हटलं की कचेरीतलं टेबल आठवतं. हे दोन शब्द आपण मनात एक करून टाकले आहेत, आणि म्हणून टिपेच्या विरोधात बोलणं सोपं जातं.

त्यांतला फरक आपल्या दीनात फार स्वच्छ सांगितलेला आहे. जकात गोळा करायला पाठवलेला एक माणूस परत आला आणि म्हणाला, हा माल तुमचा आणि हा मला भेट मिळाला. पैगंबर मुहम्मद (स.) यांना ते आवडलं नाही. हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे आली असती का, असा त्यांचा सवाल होता. ज्याच्या हातात अधिकार आहे, त्यानं घेतलेली भेट ही लाच. कॉफी ओतणाऱ्या पोराकडे कसला अधिकार आहे? फार तर फेस थोडा कमी घालेल.

दुसरी हदीस बुखारी शरीफमधलीच. सेवक तुमच्यासाठी जेवण आणतो तेव्हा त्याला सोबत बसवा, ते जमत नसेल तर निदान एक-दोन घास त्याच्या हातावर ठेवा, कारण चुलीची आच त्यानं सोसली आहे, असा तिचा आशय. इथे दया हे कारण सांगितलेलं नाही. आच सोसली, हे कारण आहे. त्या मुलाच्या मनगटावरचे डाग पाहिल्यावर मला ही हदीस नव्यानं कळली. आणि मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, ही शिकवण तर आपल्याला पाठ असते. जुम्म्याच्या बयानात ऐकतो, मान डोलावतो आणि केटररला म्हणतो, हिशेब पुढच्या महिन्यात करू.

म्हणून माझं म्हणणं दोन भागांत आहे. पहिला भाग असा की टिप मजुरीच्या जागी येऊ नये. मजुरी हा हक्क आहे, बक्षीस ही खुशी. हक्क दुसऱ्याच्या खुशीवर टांगून ठेवायचा नसतो. आपल्या कायद्याची दिशाही साधारण हीच आहे. हॉटेलनं बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये आयकराच्या एका खटल्यात म्हटलं, की गिऱ्हाइकानं दिलेली टिप हा मालकानं दिलेला पगार नव्हे. तो निकाल कराचा होता, पण आपल्यासाठी त्यातला धडा साधा आहे. जी रक्कम मालकाची नाहीच, ती दाखवून त्यानं पगार कसा कापावा?

दुसरा भाग आपल्याला जास्त बोचणारा आहे. ही व्यवस्था चुकीची आहे असं म्हणून खिशातला हात बाहेर न काढणं, ही पळवाट आहे. मी स्वतः ती वापरली. जहाजावर टिप काढून टाकायला लावणारा प्रवासीही तत्त्वाचंच बोलत असतो. तत्त्व आपलं आणि नुकसान त्याचं, असं कसं चालेल? व्यवस्था सुधारेपर्यंत त्या पोरानं अडीचशेवर रात्र काढायची का?

कुणी म्हणेल, टिप न देताही सन्मान राखता येतो. बरोबर आहे, पण मग तशी सोय करावी लागते. इंडियन कॉफी हाउसचं उदाहरण घ्या. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली. तेव्हा ए. के. गोपालन यांच्यासारख्या नेत्यांच्या पुढाकारानं कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ती कॉफी हाउसं स्वतः चालवायला घेतली. आमच्याकडून रायपूर किंवा जबलपूरला गेलं की अशा संस्थांची कॉफी हाउसं भेटतात. पांढरा गणवेश, डोक्यावर तुरा असलेली पगडी. तिथला कॉफी आणणारा माणूस संस्थेचा सभासद असू शकतो. त्याच्या बशीत कुणी दहा रुपये ठेवले तर तो घेईल, नाही ठेवले तर त्याचं घर त्यावर अडलेलं नाही. बक्षीस खऱ्या अर्थानं बक्षीस असावं तर असं.

तोवर आपण काय करावं? मी माझ्यापुरते चार नियम केले आहेत. केटरर ठरवताना ताटामागचा दर विचारतो, तसाच मुलांना रात्रीचे किती देणार हेही विचारायचं, आणि कॉफीवाल्यालाही वाढणाऱ्याइतकेच मिळतील असं ठरवून घ्यायचं. मुलांचं जेवण पाहुणे उठल्यावर उरलंसुरलं नको, त्यांच्यासाठी वेगळी डेग बाजूला काढायची. टिप द्यायची तर हातात, नजरेला नजर देऊन, दोन शब्द बोलून द्यायची. दिल्यावर कुणाला सांगायची नाही, कारण दान देऊन उपकार दाखवले की ते वाया जातं, असं कुरआननं सूरह बकरामध्ये बजावलं आहे. आणि चौथा नियम, ही रक्कम जकातीच्या हिशेबात धरायची नाही. ज्याच्याकडून काम घेतलं त्याचा मोबदला जकातीतून भागवता येत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या घरी भाचीचं लग्न झालं. केटररला मुलांचा दर विचारला तेव्हा तो चमकला. म्हणाला, "सर, ये तो कोई नहीं पूछता." माणशी थोडे वाढवून मागितले, दिले. दीडशे माणसांच्या दावतीत तो फरक इतका थोडा होता की स्टेजवरच्या फुलांत लपून गेला असता. रात्री कामं संपल्यावर मुलांना आमच्याच दस्तरखानवर बसवलं. भावानं थोडी कुरकुर केली, मग तोच त्यांना वाढायला उभा राहिला.

कॉफीच्या मशीनमागे तोच मुलगा होता. मी त्याच्या हातात पन्नासची नोट ठेवली. तो मागे सरला. "सर, आपसे कैसे लूँ?"

मी म्हणालो, "ही डिसेंबरची राहिली होती."

त्यानं नोट घेतली, खिशात ठेवली आणि विचारलं, "शक्कर कम?" माझी साखर कमी असते, हे त्याच्या लक्षात होतं.